शिवणच्या फळीवर राफाएल: एका नकलेच्या नोंदी

८ एप्रिल

चित्र ठरलं. इटलीचा चित्रकार राफाएल याचं 'मॅडोना ऑफ द पिंक्स', लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं. मॅडोना म्हणजे येशूची आई मेरी, पिंक्स म्हणजे कार्नेशनची फुलं. काळ साधारण १५०६-०७, माप २७.९ × २२.४ सेंमी. ए-फोर कागदापेक्षा उंचीला बोटभर कमी, रुंदीला जवळजवळ तेवढंच जास्त.

नक्कल त्याच मापाची करायची. लाकडाची फळी, तिच्यावर सरस आणि जिप्समचं अस्तर, चांदीच्या तारेने रेखाटन, वर तेलरंगाचे पातळ थर. तयार कॅनव्हास नाही, ॲक्रिलिक नाही, प्रोजेक्टर तर नाहीच.

"कोल्हापुरात बसून हेच चित्र का?" हा प्रश्न घरातूनच आला. आपल्याकडे तैलचित्र म्हटलं की राजवाड्यातलं नाहीतर दिवाणखान्यातलं भिंतभर चित्र डोळ्यांपुढे येतं. मीही तसंच शिकले: चार पावलं मागे जा, डोळे बारीक कर, मोठा ब्रश घे. या चित्रापासून चार पावलं मागे गेलं तर हाती काही लागत नाही. ते हातात धरून, प्रार्थनेच्या वेळी जवळून बघण्यासाठी केलेलं आहे. इतक्या जवळून बघायचा तेलरंग लावायचा तरी कसा, ते मला करून बघायचं आहे.

अस्तरासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे भाजलेलं जिप्सम, बादलीभर पाण्यात भिजत घातलं. पहिला तासभर सतत ढवळावं लागतं, नाहीतर बादलीतच दगड होतो. त्यानंतर रोज एकदा ढवळायचं. महिनाभरात त्याची आवळून धरण्याची ताकद जाते आणि मऊ पांढरा गाळ उरतो. इटलीतले जुने कारागीर वरच्या अस्तरासाठी हाच गाळ वापरायचे.

११ एप्रिल

गॅलरीच्या संकेतस्थळावरची मोठी प्रतिमा मॅट कागदावर खऱ्या मापात छापून आणली. प्रेसवाला विचारत होता, "मॅडम, जरा ब्राइट करू का? फार काळं येतंय." नको म्हटलं.

आज ब्रश हातात घ्यायचा नाही, नुसतं बघायचं. अंधारी खोली. तरुण आई बसलेली, केसांची नीट घातलेली वेणी, त्यावर असून नसल्यासारखी ओढणी. मांडीवर उघडं बाळ. दोघांच्या हातांत कार्नेशनची फुलं, कोण कोणाला देतंय ते सांगता येऊ नये अशी. मागे पलंगाचा हिरवा पडदा. उजवीकडे खिडकी, तिच्यातून टेकडी आणि पडकी इमारत.

ख्रिस्ती चित्रांच्या भाषेत यातली प्रत्येक वस्तू काहीतरी बोलते. कार्नेशन म्हणजे प्रेम, आणि पुढे येणाऱ्या क्रूसाच्या यातनाही. पडकी इमारत म्हणजे ख्रिस्तजन्माने मोडकळीला आलेलं जुनं जग. पण हा अर्थ राफाएल वर आणत नाही. ज्याला माहीत आहे त्याला फुलं बघून चरका बसेल, ज्याला माहीत नाही त्याला खेळणारं मूल दिसेल, आणि दोघांचंही चित्र पुरं होईल.

एक गोष्ट दुपारी लक्षात आली. खिडकी मागे आहे, पण आईच्या चेहऱ्यावरचा आणि बाळाच्या पोटावरचा उजेड त्या खिडकीतला नाही. तो आपल्या बाजूने येतो. म्हणजे जो हातात चित्र धरून बसेल त्याच्या खोलीतला उजेड चित्रातल्या खोलीत शिरतो. भिंतीवरच्या चित्रात ही गंमत निम्मी वाया जाते.

दोघांपैकी एकही आपल्याकडे बघत नाही. हे बरं आहे. एवढ्या जवळ धरलेल्या चित्रातून कुणी टक लावून बघू लागलं तर अवघडायला होईल.

१३ एप्रिल

ही मांडणी राफाएलच्या डोक्यातून आलेली नाही, हेही लिहून ठेवते. लिओनार्दो दा विंचीचं 'बेन्वा मॅडोना' सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे, या चित्राच्या पंचवीसेक वर्षं आधीचं. तिथेही अंधारी खोली, खिडकी, मांडीवर मूल, मधोमध फूल. राफाएल १५०४ च्या सुमाराला फ्लॉरेन्सला आला तेव्हा विशीत होता आणि लिओनार्दोचं मिळेल ते डोळ्यांत साठवत होता. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर उचल उघड दिसते. फरकही दिसतो. लिओनार्दोची आई चक्क ओठ उघडून हसते, आणि बाळ चांगलं वजनदार, गंभीर. राफाएलने तो सगळा आवाज खाली आणला.

तेव्हा उचल करण्यात कुणाला लाज नव्हती. लाज नुसतं उचलून तसंच ठेवण्यात होती.

१९ एप्रिल

फळीसाठी सुतारमामांकडे. मी सागवान म्हणत होते, त्यांनी मान हलवली. "सागात तेल असतंय, सरस धरत न्हाई. शिवण घ्या." कुठल्याशा वाड्यातल्या जुन्या कपाटाच्या शिवणच्या फळ्या त्यांनी राखून ठेवल्या होत्या. शिवण हलकं, सरळ धाग्याचं, पावसाळ्यात फारसं फुगत नाही की उन्हाळ्यात आकसत नाही. शिवाय या फळ्या कित्येक वर्षांच्या रापलेल्या.

इटलीत बहुतेक चित्रं पॉपलरच्या फळीवर व्हायची. हे लहानसं चित्र मात्र त्याहून दाट, कठीण लाकडावर आहे. शिवण त्या मानाने मऊच. पण लंडनच्या हवेसाठी फळी निवडायची नाहीये, पंचगंगेच्या काठच्या जुलैसाठी निवडायची आहे.

मामांनी रंधा मारता मारता विचारलं, "एवढ्याशा फळीवर काय करणार? नावाची पाटी?" दोन फळ्या करून घेतल्या. दुसरी नुसती हाताशी असावी म्हणून.

१० मे

सरस रात्रभर भिजवून, पातेल्यातल्या गरम पाण्यात वाटी ठेवून वितळवला. उकळू द्यायचा नाही, उकळला की चिकटपणा मरतो. घरभर वास. शेजारच्या काकू दारात येऊन "काय शिजवताय?" विचारून गेल्या. उत्तर ऐकून थांबल्या नाहीत.

पहिला हात नुसत्या पातळ सरसाचा, दोन्ही बाजूंना आणि कडांनाही. एकाच बाजूने अस्तर केलं तर वाळताना ते फळीला ओढतं आणि ती वाकते. मग गाळात सरस मिसळून थरावर थर. प्रत्येक थर आधीच्याच्या आडव्या दिशेने. आधीचा थर पुरता सुकण्याच्या आत पुढचा द्यायचा, म्हणजे ते एकमेकांना धरतात. मे महिन्यात हा खेळ फार घाईचा होतो. पंखा बंद, खिडकी बंद, आणि मी घामाने थबथबलेली.

शेवटच्या दोन थरांत थोडा झिंक व्हाइट घातला. चांदीची तार उमटायला पृष्ठभाग किंचित खरखरीत लागतो.

१५ मे

काचपेपर. आधी जाडा, मग बारीक, शेवटी ओलसर सुती फडक्याने गोल गोल. बोटाला लाकूड लागत नाही, कागद लागत नाही, दुसरंच काहीतरी लागतं. दोन्ही फळ्या सारख्या उतरल्या.

२७ मे

आज चित्राचा इतिहास एका जागी लिहून काढते, कारण रेखाटन कसं करायचं हा पुढचा निर्णय त्यावर अडला आहे.

परंपरेने सांगितलं जातं की हे चित्र पेरूजातल्या मद्दालेना देल्यी ओद्दी नावाच्या जोगिणीसाठी केलं. पुढे ते रोमचा चित्रकार विन्चेंझो कामुच्चीनी याच्या संग्रहात आलं. १८५० च्या दशकात नॉर्थंबरलंडच्या चौथ्या ड्यूकने तो संग्रह घेतला आणि चित्र उत्तर इंग्लंडात, ॲनिक कॅसलमध्ये गेलं. या रचनेच्या जुन्या नकला पुष्कळ आहेत. तज्ज्ञांनी हीही त्यांतलीच एक ठरवली. मूळ हरवलं, हे उरलं. पुढे शंभरेक वर्षं ते त्या किल्ल्यातच राहिलं, आणि राफाएलच्या नावाने ओळखलं जात नव्हतं.

१९९१ मध्ये निकोलस पेनी तिथे गेले. ते नॅशनल गॅलरीत रेनेसान्स चित्रांचे क्युरेटर होते. कॉरिडॉरमधल्या त्या नकलेपाशी ते थांबले. मग चित्र लंडनला प्रयोगशाळेत आलं आणि इन्फ्रारेडखाली तपासलं गेलं. रंगाचे बरेचसे थर त्या किरणांना पारदर्शक होतात आणि खालचं रेखाटन वर येतं. या चित्राखाली धातूच्या टोकाने केलेलं, मोकळ्या हाताचं, नाजूक रेखाटन निघालं, आणि काही ठिकाणी खालची रेषा नि वरचा रंग जुळत नव्हते. म्हणजे चित्रकाराने काम करता करता मन बदललं होतं. नक्कल करणाऱ्याला मन बदलायचं कारणच नसतं, त्याच्यापुढे उत्तर मांडून ठेवलेलं असतं.

त्यानंतरची गोष्ट पैशांची. ड्यूकच्या घराण्याने चित्र विकायला काढलं, लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियमशी साडेतीन कोटी पौंडांची बोलणी झाली, ब्रिटनमध्ये आरडाओरड झाली. निर्यात परवाना अडला. शेवटी २००४ मध्ये नॅशनल गॅलरीने करसवलत धरून २ कोटी २० लाख पौंडांना ते घेतलं. त्यातले १ कोटी १५ लाख लॉटरीच्या पैशांतून चालणाऱ्या वारसा निधीने दिले. तेव्हाच्या दराने एकूण रक्कम दीडशे कोटी रुपयांच्या वर जाते. ए-फोरएवढ्या फळीला. तेच रंग, तीच फळी, तोच आईचा चेहरा १९९० मध्येही होता. आम्हा चित्रकारांना हा हिशेब कधी सुटलेला नाही आणि सुटणारही नाही.

सगळ्यांनी मान डोलावली असंही नाही. अमेरिकेतले कलेतिहासकार जेम्स बेक हे चित्र राफाएलचं नाहीच असं ठामपणे लिहीत राहिले.

माझ्या सरांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "नक्कल आहे असं एकदा पाटीवर लिहिलं, की लोक चित्र बघायचं सोडतात आणि पाटी बघतात."

४ जून

गुजरीत जाऊन सोनारकाकांकडून शुद्ध चांदीची तार घेतली, पेन्सिलच्या शिशाएवढी जाड. टोक गोल करून द्या म्हटलं. कानात काय घालणार त्याने, असा त्यांचा समज झाला असावा, कारण "टोचेल हं" म्हणाले. जुन्या क्लच पेन्सिलीत तार बसवली.

चांदीची रेषा आधी करडी उमटते, आठवड्याभरात तपकिरी होऊ लागते. दाब वाढवला तरी ती जाड होत नाही, फक्त थोडी गडद होते. आणि खोडरबराने जात नाही. कोळशाची सवय असलेल्या हाताला हे फार जड जातं. कोळशाने आधी चुकायचं आणि मग शोधायचं असतं. इथे शोधलेलं सगळं फळीवर राहतं.

१० जून

पहिली फळी. छापील प्रतीवरून ट्रेसिंग पेपरवर बाह्यरेषा, त्याच्या पाठीला गेरू चोळून फळीवर उतरवल्या आणि चांदीने पक्क्या केल्या. दुपारपर्यंत काम संपलं. मोजून बघितलं, सगळं जागच्या जागी.

आणि रेषा मेलेल्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वेगाच्या. आईच्या गालाची रेषा आणि बाकाच्या कडेची रेषा यांत मला काही फरक करता आलेला नाही, कारण उतरवताना दोन्ही माझ्यासाठी सारख्याच होत्या: कागदावरची खूण.

१६ जून

पाऊस सुरू. दुसऱ्या फळीला काम मिळालं.

ट्रेसिंग नाही, मोजमाप नाही. छापील प्रत समोर उभी केली, बाजूला लिओनार्दोचं 'बेन्वा', आणि मोकळ्या हाताने सुरुवात केली. आईचं डोकं हवं त्यापेक्षा जास्त झुकलं. ते तसंच ठेवायचं तर बाळाने वर बघायला हवं. ते वर बघायला लागलं तर त्याचा हात फुलापर्यंत पोचत नाही. हात लांब केला, वाईट दिसला. कोपरात वाकवला, तर फूल आईच्या छातीवर आलं. पुन्हा खाली घेतला. चांदी पुसली जात नाही, त्यामुळे आता फळीवर बाळाला तीन हात आहेत.

पण या धडपडीत एक गोष्ट कळली जी छापील प्रतीकडे नुसतं बघून कळली नव्हती. या चित्रात सगळं काही त्या फुलांच्या देठांवर तोललेलं आहे. देठ बोटभर सरकले की आईचा खांदा हलतो, खांदा हलला की पडद्याची कड, पडद्याच्या कडेने खिडकी. राफाएलने लिओनार्दोकडून मांडणी घेतली, पण ती या लहान मापात बसवताना त्याला हेच सगळं पुन्हा करावं लागलं असणार. उसनं आणलेलं स्वतःच्या मापाला बसवताना जे बदलावं लागतं, तेच इन्फ्रारेडखाली दिसलं असावं.

गंमत अशी, की अजून पाचशे वर्षांनी कुणी माझ्या दोन फळ्या तपासल्या तर ट्रेस केलेलीला नक्कल म्हणतील आणि या तीन हातांच्या बाळाला मूळ. मन बदलल्याच्या खुणा असल्या म्हणजे ते दुसऱ्या चित्राची आंधळी नक्कल नाही, एवढंच ठरतं. तो हात राफाएलचा, हे त्या खुणांनी ठरत नाही. त्यासाठी पुन्हा डोळ्यांकडेच यावं लागतं: रंग कसा लावलाय, चेहऱ्याची वळणं कशी आहेत, त्याच काळातल्या त्याच्या इतर चित्रांशी किती नातं लागतं. बेक यांचं म्हणणं मला पटत नाही, पण प्रयोगशाळेच्या एका छायाचित्राने सगळे वाद मिटतात असं समजणाऱ्यांवर ते चिडायचे, ते मात्र रास्त वाटतं.

१८ जून

निर्णय: दोन्ही फळ्या चालू ठेवायच्या. पहिलीवर रंगांची पद्धत शिकायची, तिथे शोधाशोध नको. दुसरी सावकाश.

५ जुलै

अक्रोडाचं तेल. त्या काळात इटलीत फिकट रंगांसाठी ते जवसाच्या तेलापेक्षा पसंत असे, कारण कमी पिवळं पडतं. लाकडी घाण्यावरून ताजं काढून आणलं. काचेच्या पट्टीवर थेंब लावून ठेवलाय.

तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. अक्रोडाचं तर मुळातच संथ. त्यात कोल्हापूरचा जुलै, उजेड नाही, हवा ओली. काचेवरचा थेंब अजून बोटाला चिकटतो.

पहिल्या फळीवर तपकिरी रंगाचं अंडरपेंटिंग झालं. सगळी सावली आधी, रंग नंतर. फळी पांढरी असल्याने पातळ तपकिरीतून खालचा प्रकाश वर येतो. मोठ्या कॅनव्हासवर मी उजेड वरून पांढऱ्याने लावते. इथे तो खालून येतो आणि आपण त्याला फक्त कुठे कुठे झाकायचं.

२४ जुलै

पंचगंगा पात्राबाहेर. जो भेटेल तो राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. वीज जाऊन-येऊन. फळ्या कपाटाच्या वरच्या फडताळात, कापडात गुंडाळून. मामांची शिवण सरळ आहे, रेसभरही वाकलेली नाही. कडेला अस्तरही शाबूत.

११ ऑगस्ट

त्वचा. आईचा चेहरा माझ्या अंगठ्याच्या लांबीचा आहे. त्यात डोळ्याची पापणी, नाकाची सावली, ओठाचा कोपरा. सगळ्यांत बारीक ब्रशसुद्धा केर काढायचा झाडू वाटतो. मागे जाऊन बघायची सवय मोडली, कोपर टेबलावर टेकवून बसते. श्वास सोडताना रेषा हलते म्हणून रेषेपुरता श्वास धरते. लघुचित्रं करणाऱ्या आपल्याकडच्या कलाकारांना यात काहीच नवल वाटणार नाही. तेलरंगात वाढलेल्यांना वाटतं.

पांढऱ्याचा घोळ आहे. तेव्हाचा पांढरा शिशाचा, किंचित उबदार, किंचित पारदर्शक. शिसं घरात आणायचं नाही हे पहिल्या दिवशीच ठरवलं होतं, म्हणून टायटॅनियम. तो थंड आणि भिंतीच्या रंगासारखा झाकणारा. थोडा पिवळा गेरू मिसळून आणि खूप पातळ करून लावला तर कसाबसा ऐकतो. गालावर आठ-नऊ थर चढले असतील. प्रत्येक थर दिसू नये इतका पातळ.

लोक सांगतात, राफाएलची आई तो आठ वर्षांचा असताना, १४९१ मध्ये गेली, म्हणून त्याने जन्मभर माता रंगवल्या. तीन वर्षांनी वडीलही गेले, ते स्वतः चित्रकार. मला हे स्पष्टीकरण आवडत नाही. फ्लॉरेन्समध्ये मॅडोनांना गिऱ्हाईक होतं. मॅडोना रंगवणाऱ्या इतर शेकडो चित्रकारांच्या आया काय लहानपणी गेल्या होत्या? हे रंगवताना त्याच्या मनात काय होतं ते गालावरच्या थरांतून मला तरी समजलेलं नाही. समजलं ते इतकंच, की घाई नव्हती.

जोगिणीची गोष्ट मात्र राहून राहून आठवते. ती खरी धरली तर हे चित्र अशा बाईच्या हातात असणार होतं, जिला स्वतःचं मूल होणार नव्हतं. तिने ते जवळ, मांडीच्या उंचीवर धरलं असेल. बाळ जवळजवळ तिच्याच मांडीवर. मागचा पडदा पलंगाचा आहे, आणि जोगीण ही ख्रिस्ताची वधू मानली जाते. आता त्या खोलीकडे पुन्हा बघा.

७ सप्टेंबर

गणपतीची सुट्टी, चार दिवस ब्रशला हात नाही. घरी आलेल्या पाहुण्यांनी टेबलावरची फळी उचलून बघितली. कुणीही ती उभी करून लांबून बघितली नाही. न सांगता प्रत्येकाने दोन्ही हातांत धरून जवळ नेली. एका लहान मुलीने बाळाचं पोट बोटाने दाबून बघितलं. नशीब, तोवर सुकलं होतं.

२१ सप्टेंबर

निळा. राफाएलच्या काळात उत्तम निळा म्हणजे बदख्शानच्या खाणीतला लाजवर्द, अफगाणिस्तानातून व्हेनिसमार्गे आलेला, सोन्याच्या भावाचा. माझा ट्यूबमधला अल्ट्रामरीन रसायनाने तोच, फक्त कारखान्यातला. तो १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये बनवता आला आणि निळ्याचा मान उतरला. खऱ्या लाजवर्दात लहान-मोठे कण असतात, म्हणून तो जरा मवाळ दिसतो. ट्यूबमधला एकसारखा, म्हणून ओरडतो. किंचित करडा मिसळून गप्प केला.

पिवळ्याची गोष्ट जास्त मजेची. तेव्हाच्या चित्रांतला लख्ख पिवळा शिसं आणि कथिल भाजून केलेला. अठराव्या शतकात तो वापरातून गेला आणि लोक विसरूनच गेले. १९४१ मध्ये म्युनिकच्या डोर्नर संस्थेतल्या रिचर्ड याकोबी यांनी जुन्या चित्रांच्या नमुन्यांत कथिल सापडल्यावर त्याची ओळख पुन्हा पटवली. अख्खा रंग हरवतो आणि दोनशे वर्षं कुणाला पत्ता नसतो, डोळ्यांसमोर संग्रहालयं भरलेली असताना! मी कॅडमियम लेमनवर भागवलं.

राफाएलच्या रंगांत बिस्मथ धातूची करडी पूडही सापडली आहे. त्याच्या करड्यात जी धातूची थंड चमक वाटते ती मी काळा-पांढरा मिसळून आणू शकले नाही. चोळीचा रंग त्यामुळे मूळपेक्षा सपाट आहे. तसाच ठेवला.

५ ऑक्टोबर

ओढणी. दोन दिवस तिला घाबरून हात लावला नव्हता. शेवटी कळलं की ओढणी रंगवायचीच नसते, तिची कड रंगवायची. केसांवर, कपाळावर एक पांढरी रेघ, मध्येच तुटणारी. बाकीचं बघणारा स्वतः भरून घेतो.

पडद्याचा हिरवा त्यामानाने सरळ. खाली अपारदर्शक हिरवा-पिवळा, वर व्हिरिडियन या हिरव्याचा ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर. ऑक्टोबरच्या उन्हात पटापट सुकतंय सगळं.

१९ ऑक्टोबर

फुलं. बाजारातल्या गुच्छांतलं कार्नेशन आणलं आणि समोर ठेवलं. हरितगृहातलं, चांगलं मुठीएवढं. चित्रातल्या बाळाला ते दोन हातांनीही पेलवलं नसतं. चित्रातलं फूल लहान, साधं, बागेच्या कडेला उगवणारं. त्याच कुळातलं डायंथस आपल्याकडे नर्सरीत मिळतं, पण थंडीत. तोवर पहिल्या फळीवरची फुलं छापील प्रतीवरूनच केली. ठिपके आणि दातेरी कडा, बस.

२ नोव्हेंबर

पहिली फळी सरांना नेऊन दाखवली. त्यांनी ती खिडकीपाशी नेली, तिरकी धरली, अस्तराची कड नखाने तपासली, मागची बाजू बघितली. चेहऱ्याबद्दल काही बोलले नाहीत. "बाळाचा गुडघा चांगला झालाय," म्हणाले, आणि मग, "दुसरी कुठाय? ती आण म्हटलं होतं."

दुसरी पिशवीत होतीच. तीन हातांचं बाळ त्यांनी बराच वेळ बघितलं. मधला हात ठेव, म्हणाले. मला खालचा ठेवायचा होता. चहा होईपर्यंत यावर वाद झाला, मिटला नाही.

९ नोव्हेंबर

पुढची कामं. पहिल्या फळीला वार्निश मे महिन्यात, त्याआधी नाही, कारण अक्रोडाचं तेल वरून कोरडं वाटलं तरी आतून सहा महिने तरी घट्ट होत राहतं. तोवर जाळीच्या कपाटात, धुळीपासून लांब, पण अंधारात नाही. अंधारात तेल पिवळं पडतं.

दुसऱ्या फळीवर खालचा हात नक्की केला. या आठवड्यात तपकिरी अंडरपेंटिंग. खिडकीतली टेकडी इटलीची करायची की नाही हे अजून ठरत नाही. जोतिबाचा डोंगर करावा असं एकाने सुचवलं, ते नको. नर्सरीवाल्याने डायंथसची रोपं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देतो म्हणून सांगितलंय, फुलांची जागा तोवर पांढरीच ठेवते.